रामकुंडाच्या पायऱ्या आणि गोपिकाबाई

नाशिकला राहणाऱ्या माणसाला एक काम जन्मभर पुरते. ते म्हणजे आलेल्या पाहुण्यांना नाशिक दाखवणे. आमच्या घरात हे काम मी आठवीत असल्यापासून माझ्याकडे आहे. त्याचा क्रमही ठरलेला. सकाळी गंगेवर जायचे, रामकुंड, नारोशंकराचे देऊळ आणि त्याची घंटा, दुतोंड्या मारुती, मग पंचवटीत काळाराम आणि सीतागुंफा, पुढे रिक्षाने तपोवन. दुसऱ्या दिवशी पांडवलेणी किंवा त्र्यंबकेश्वर, आणि पाय शिल्लक असतील तर संध्याकाळी सोमेश्वरचा धबधबा. शेवटी चिवड्याचे पुडे बांधून दिले की पाहुणे गाडीत बसतात. नदीचे नाव गोदावरी हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात कळते. एरवी नाशिककर तिला गंगाच म्हणतो.

गेल्या कार्तिकात इंदूरची मावशी आणि काका आले. मी नेहमीप्रमाणे त्यांना घाटावर नेले आणि नेहमीप्रमाणे माझी टकळी सुरू झाली. मावशीने पाण्यात पाय सोडले आणि सहज विचारले, या पायऱ्या कोणी बांधल्या? मी क्षणभरही न अडखळता अहिल्यादेवींचे नाव घेतले. मावशी इंदूरची, तिला बरे वाटेल हा एक हिशेब. आणि दुसरा असा की, हिंदुस्थानात कुठलाही घाट कोणी बांधला असे विचारले तर अहिल्यादेवींचे नाव सांगावे, दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येते. शेजारी एक वृद्ध गुरुजी आपली वंशावळीची चोपडी फडक्यात बांधत बसले होते. त्यांनी मान वर न करताच मला दुरुस्त केले. अहिल्यादेवींचे काम या घाटावर आहेच, परंतु रामकुंडाची दुरुस्ती केली ती गोपिकाबाईंनी. कोण गोपिकाबाई, असे काकांनी विचारल्यावर मी गप्प बसले. इतिहास हा माझा पदवीचा विषय आहे. त्या शांततेची लाज मला अजून वाटते.

म्हणजे गोपिकाबाई मला ठाऊक नव्हत्या असे नाही. 'स्वामी' वाचलेल्या प्रत्येकाला त्या ठाऊक असतात. करारी, मानी, मुलाशी भांडणारी आई. माझ्या मनात त्या शनिवारवाड्यात राहत होत्या. रामकुंडावर त्यांना कधी कोणी आणून बसवलेच नव्हते. मावशी गेल्यावर मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चे खंड काढले, आणि मग जे हाताला लागले ते वाचत गेले. त्यातून उभे राहिलेले त्यांचे आयुष्य आपल्या अंकात मांडावे, इतकाच या लेखाचा हेतू.

गोपिकाबाईंचा जन्म १७२४ सालचा. वडील भिकाजी नाईक रास्ते हे वाईचे. १७३० मध्ये त्यांचे लग्न बाजीराव पेशव्यांचे थोरले चिरंजीव बाळाजी, म्हणजे पुढचे नानासाहेब, यांच्याशी झाले. नवरी सहाएक वर्षांची आणि नवरा दहाएक वर्षांचा. दहा वर्षांनी बाजीराव नर्मदाकाठी वारले, नानासाहेबांना पेशवाई मिळाली, आणि ज्या वयात आपण दहावीच्या परीक्षेची काळजी करतो त्या वयात ही मुलगी पेशवीणबाई झाली. वाड्यात आजेसासू राधाबाई होत्या, सासू काशीबाई होत्या. अशा घरात धाकटी सून बोलायला शिकत नाही, पाहायला शिकते. गोपिकाबाई खूप पाहत असाव्यात. पुढे त्या ज्या सफाईने राजकारणात बोलू लागल्या त्यावरून तरी असेच वाटते.

त्यांच्या मुलांपैकी तिघांची नावे इतिहासाने लक्षात ठेवली. विश्वासराव १७४२ चे, माधवराव १७४५ चे, नारायणराव १७५५ चे. तिघेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, आणि एकही अठ्ठावीस वर्षांचा झाला नाही. हे एक वाक्य लिहायला सोपे आहे. मी ते वहीत लिहिले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

पहिला गेला पानिपतात. उत्तरेच्या मोहिमेवर चुलत दीर सदाशिवरावभाऊ निघाले, तेव्हा नावाचे सेनापतिपद विश्वासरावाकडे असावे यासाठी गोपिकाबाईंनी आग्रह धरला असे सांगतात. उदगीरच्या विजयाने भाऊंचे वजन वाढले होते. सगळे यश त्यांच्याच पदरात पडले तर आपल्या मुलाचे काय, ही भीती त्यामागे होती. इतिहासाच्या पुस्तकांतून या आग्रहाबद्दल बाईंना पुष्कळ बोल लावलेले आढळतात. मला ते पुरते पटत नाहीत. पेशव्यांचा वारस फौजेबरोबर जाणे ही त्या घराण्याची रीतच होती, आणि १७६० मध्ये पानिपत होणार हे कोणालाच दिसत नव्हते. तरीसुद्धा १४ जानेवारी १७६१ नंतर ती बाई स्वतःला काय म्हणाली असेल याचा विचार मनातून जात नाही. लोकांनी दिलेला दोष नाकारता येतो. स्वतःच्या मनाने दिलेला नाकारायला वकील मिळत नाही.

आणि हे सगळे होत असताना नानासाहेब काय करत होते? डिसेंबर १७६० मध्ये, मुलगा आणि भाऊ उत्तरेत वेढ्यात सापडलेले असताना, त्यांनी पैठणला दुसरे लग्न लावले. नवरी नऊ वर्षांची होती. पैठण आपल्याच गंगेवर आहे, येथून खाली, पूर्वेकडे. पानिपताची बातमी आल्यावर नानासाहेब खचले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. छत्तिसाव्या वर्षी गोपिकाबाईंच्या कपाळीचे कुंकू गेले, थोरला मुलगा गेला, आणि सवत म्हणून एक अजाण पोर घरात उरली.

पेशवाईची वस्त्रे माधवरावांना मिळाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. काका रघुनाथराव कारभार आपल्या हाती राहावा म्हणून धडपडत होते आणि दुसऱ्या बाजूने मातोश्रीही लक्ष घालत होत्या. मुलगा लहान आहे, राज्य मोठे आहे, आपल्याला कळते आहे. मग आपण सांगितलेले त्याने ऐकावे असे आईला वाटणारच. पण माधवराव ऐकणाऱ्यांतले नव्हते. १७६३ मध्ये निजामाने पुणे लुटले आणि जाळले, पेशव्यांच्या घरची माणसे सिंहगडावर हलली. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनाला, पुन्हा गंगेच्याच काठावर, मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. सोळा वर्षांचा पेशवा दोन वर्षांत पुरता पेशवा झाला होता. हे ज्यांना उशिरा कळले त्यांत त्याची आई होती.

मायलेकांचे तुटण्याचे निमित्त रास्त्यांचे झाले. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचे माहेर, माधवरावांचे मामा. मामांकडून अपराध घडला आणि पेशव्यांनी शिक्षा फर्मावली. गोपिकाबाईंनी ती माफ करावी म्हणून सांगून पाहिले, मग रागावून पाहिले, शेवटी आपण पुणे सोडून जाऊ असे बजावले. माधवरावांनी शिक्षा मागे घेतली नाही. बाईंनीही शब्द मागे घेतला नाही. त्या पुण्याहून निघाल्या आणि नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या.

ही गोष्ट शाळेत आपण माधवरावांच्या बाजूने शिकतो. न्यायापुढे नाते पाहिले नाही, आईचीसुद्धा भीड ठेवली नाही. ते खरेच आहे आणि मोठेही आहे. मी ती आमच्या आजीला सांगितली तेव्हा मात्र तिने वेगळाच प्रश्न काढला. माहेरच्या माणसाला शिक्षा करणाऱ्याने निदान आधी आईला येऊन सांगितले होते का? दरबारात सगळ्यांबरोबर तिला कळले की आधी? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आजीच्या मते बाई निघून गेल्या त्या शिक्षेसाठी नव्हे, विचारले नाही म्हणून. आमच्या आजीने स्वतः चौदा वर्षे आपल्या भावाच्या घरी पाऊल टाकलेले नाही, त्याचे कारणही असलेच काहीसे आहे, म्हणून तिचा कौल मी थोडा बाजूला ठेवते. पूर्ण बाजूला ठेवता येत नाही.

गंगापूर म्हणजे आज आपल्याला ज्याच्या धरणाचे पाणी नळाला येते ते. ज्याच्या नावाच्या रस्त्यावर आपल्यापैकी निम्मी मुले शिकवणीला आणि चहाला जातात तेही हेच. शेजारी गोवर्धन गाव. त्याचे नाव पांडवलेण्यांतील शिलालेखांत येते, म्हणजे पेशव्यांच्याही आधी दीड हजार वर्षांहून जुने. नदी तिथे खडकांतून वाहते, आणि थोडी खाली आली की सोमेश्वरला उडी घेते. पुण्याचा दरबार सोडून आलेल्या बाईला ही जागा का आवडली असेल हे पावसाळ्यात तिथे उभे राहिले की समजते. पाण्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही.

पण शांतता तिथेही नव्हती. गंगापूरहून नाशिककडे येताना सोमेश्वर मागे टाकले की आनंदवल्ली लागते. ते रघुनाथरावांचे ठाणे. आनंदीबाईंच्या नावावरून ते नाव पडले असे म्हणतात. एकाच नदीच्या काठी, आज रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एकीकडे मुलावर रुसलेली आई आणि दुसरीकडे त्याच मुलाला खाली ओढू पाहणारे दीर-जाऊ! माझ्या मैत्रिणी नवश्या गणपतीला जातात तेव्हा आनंदवल्लीतच जातात. काका-पुतण्यांचा हा तंटा शेवटी आपल्याच जिल्ह्यात, चांदवडजवळच्या धोडप किल्ल्याशी तुटेपर्यंत ताणला गेला. जून १७६८ मध्ये माधवरावांनी तिथे रघुनाथरावांचा पराभव करून त्यांना पुण्याला नेले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

माधवरावांनी आईशी संबंध तोडला नव्हता. मोहिमांवरून त्यांनी मातोश्रींना लिहिलेली पत्रे आहेत. राग होता, पण खुशाली पोचत होती. आपल्या घरांतूनही अशी बोलणी चालतातच. जेवलास का विचारायचे आणि मूळ गोष्ट सोडून द्यायची. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला क्षयाने वारले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या.

उरला नारायणराव. पेशवा झाल्यावर तो आईला भेटायला गंगापूरला येऊन गेला. त्या भेटीत दोघे काय बोलले असतील? सतरा वर्षांचा मुलगा, त्याच्या अंगावर भावाची वस्त्रे, वाड्यात कैदेत असलेला काका. आईने सावध राहायला सांगितले असेलच; असे सांगण्यात तिचे सारे आयुष्य गेले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांनी शनिवारवाड्यात त्याला ठार केले. काका मला वाचवा ही हाक आणि ध चा मा ही गोष्ट महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही माहीत असते. ती ऐकताना मीसुद्धा नेहमी शनिवारवाड्याच्या दालनांतून पळत आले. त्याच रात्रीनंतर चार-दोन दिवसांनी कोणी घोडेस्वार गंगापूरच्या वाटेला लागला असेल, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

यानंतरच्या गोपिकाबाईंबद्दल एक हकीकत सांगतात. त्यांनी हातात नारळाची करवंटी घेतली आणि भिक्षेवर राहू लागल्या. पण भिक्षा घ्यायची ती फक्त सरदार-दरकदारांच्या घरच्या बायकांकडून. ऐकायला विलक्षण वाटते. मला त्यात वैराग्य दिसते तसा जुना पीळही दिसतो. करवंटी धरली तरी कोणाच्या दारात उभे राहायचे हे बाईच ठरवणार! माणूस एका रात्रीत बदलत नाही, पुत्रशोकानेसुद्धा नाही. अशी ती मला अधिक खरी वाटते.

राजकारणातून मात्र त्या पुरत्या सुटल्या नाहीत. नारायणरावाच्या मृत्यूनंतर गंगाबाईंना १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या मुलाला पेशवाई मिळाली. तोच सवाई माधवराव. हा नातू कळता झाल्यावर त्याने पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंत कसे वागावे, याची शिकवण देणारे गोपिकाबाईंचे पत्र प्रसिद्ध आहे. तीन मुलांना सांगून थकलेल्या आजीने नातवाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.

आणि याच काळात नाशिक आज जसे दिसते तसे होत होते. मी जे पाहुण्यांना रामाच्या काळचे म्हणून दाखवत आले, त्याचे दगड बहुतेक अठराव्या शतकातले आहेत. नारोशंकरांचे रामेश्वराचे देऊळ १७४७ चे, त्यावरची घंटा वसईच्या विजयाची म्हणतात. पुरात पाणी त्या घंटेला लागले की शहराच्या पोटात गोळा येतो. गंगाधर यशवंत चंद्रचूडांचे सुंदरनारायण १७५६ चे. सरदार ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या दगडात काळारामाचे मंदिर उभारले. ते उभारावे अशी सूचना गोपिकाबाईंनीच केली होती असेही सांगतात. रामकुंड त्याहून थोडे जुने. १६९६ मध्ये साताऱ्याकडच्या चित्रराव खटावकर नावाच्या जमीनदाराने ते बांधले. सुमारे सत्तावीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद. पुढे त्याची दुरुस्ती गोपिकाबाईंनी केली. म्हणजे गुरुजींचे म्हणणे बरोबर होते.

रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. त्यासाठी देशभरातून माणसे येतात. गांधीजींच्या अस्थींचेही येथे विसर्जन झाले. तीन मुले गमावलेल्या बाईने नेमकी हीच जागा दुरुस्तीला निवडली, यात काही अर्थ शोधावा की नाही मला ठरवता येत नाही. कदाचित कुंड मोडकळीस आले होते आणि तिच्याजवळ पैसा होता, एवढेच असेल.

मावशीच्या निमित्ताने अहिल्यादेवींचा विषय निघाला होता, तो अजून माझ्या डोक्यात घोळतो आहे. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा. म्हणजे या दोघी एका वर्षाच्या अंतराच्या. दोघींना वैधव्य आले, दोघींनी पोटचा मुलगा गमावला, दोघींना राज्यकारभार कळत होता. पण अहिल्यादेवींच्या सासऱ्यांनी त्यांच्या हाती कारभार दिला आणि त्यांनी तो सोने करून दाखवला. गोपिकाबाईंना कधीच काही दिले गेले नाही. जे मिळवायचे ते मुलाच्या नावाने, मुलाच्या मागे उभे राहून. अशा माणसाला आपण कारस्थानी म्हणतो. मी त्यांची बाजू घेते आहे असे आमच्या सरांनी हा मजकूर वाचून म्हटले. थोडी घेते आहे. त्यांचा स्वभाव अहिल्यादेवींचा नव्हता हेही खरे, आणि रास्त्यांच्या बाबतीत माझे मत अजूनही माधवरावांकडे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पायऱ्या आणि ही देवळे बांधली गेली तेव्हा ती सगळ्यांसाठी नव्हती. गोपिकाबाईंच्या मनातही ते आले नसणार. काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. पाहुण्यांना काळाराम दाखवताना मी रामशेजचा दगड सांगते, आता ही तारीखही सांगते.

गोपिकाबाई १७८८ मध्ये नाशकात वारल्या. चौसष्टाव्या वर्षी. सात वर्षांनी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून गेला, ते तेवढे त्यांना पाहावे लागले नाही. आनंदीबाईंचा शेवटही पुढे १७९४ मध्ये आनंदवल्लीलाच झाला. त्या आधी रघुनाथराव कोपरगावला गेले होते. कोपरगावही गंगेवरच.

आज रामकुंडावर बऱ्याच पायऱ्या काँक्रीटखाली आहेत. गर्दी वाढली, सिंहस्थ आले आणि गेले, दर वेळी थोडे सिमेंट पडले. जुन्या कुंडांच्या तळातले काँक्रीट काढावे म्हणून नाशिककर कोर्टापर्यंत गेले. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गोपिकाबाईंचा दगड नेमका कोणता हे मला दाखवता येणार नाही, आणि त्यांच्या नावाची पाटीही मला घाटावर कुठे आढळली नाही.

मध्यंतरी पितृपक्षात मी पुन्हा घाटावर गेले होते. गुरुजी त्याच जागी, चोपडी मांडीवर. विदर्भातून आलेल्या एका कुटुंबाला ते सात पिढ्यांची नावे वाचून दाखवत होते आणि एक म्हातारी प्रत्येक नावाला मान हलवत होती. त्यांचे आटोपल्यावर मी त्यांना सांगितले की मी सगळे वाचून आले. त्यांनी एवढेच विचारले की गंगापूरला जाऊन आलीस का. मी नुसते सोमेश्वरपर्यंत गेले होते. दिवाळीत मावशी पुन्हा येणार आहे, या वेळी तिच्या नणंदेला घेऊन. त्यांना मी आधी तिकडेच नेणार आहे, आणि तिथून नदीबरोबर खाली रामकुंडावर.